उलार

१

तुमच्यापैकी कुणीही कधी कोंडेगावला गेलेलं नाही. तरीही कोंडेगावला विमान हवं की नको, हे तुम्हीच ठरवता. नकाशावर बोट ठेवता आणि म्हणता, इथं कोण चढणार, इथं कोण उतरणार? तुमच्या लेखी विमान म्हणजे दिल्ली, मुंबई, हैदराबाद. बाकीच्यांनी जीप धरावी, खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करून घ्यावीत, आणि पुलावर पाणी असेल तर ते ओसरेपर्यंत आपला आजार जरा थांबवून ठेवावा.

मी रागानं लिहितोय हे मला कळतं. पण हा राग सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. त्या दिवशी मी जे केलं ते या रागापोटीच केलं.

मी केशव. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालो आणि चिकलठाणा विमानतळावर एका छोट्या कंपनीच्या काउंटरवर लागलो. कंपनी छोटी म्हणजे तिच्याकडं विमान एकच, नऊ पॅसेंजरांचं. नाकावर एक पंखा, पंख डोक्यावर आडवे, चाकं कधीच पोटात न घेणारी. मोठ्या विमानांच्या शेजारी उभं राहिलं की लग्नात आलेल्या गरीब नातेवाइकासारखं दिसायचं. मला विचाराल तर त्या काँक्रीटवर त्याच्याइतकं देखणं दुसरं काही नव्हतं. मोठ्या विमानाला उतरायला अख्खं शहर लागतं. आमचं विमान कोंडेगावच्या मुरमाच्या पट्टीवर उतरायचं. कुणीतरी गुरं हाकलली की झालं. ही पट्टी निजामाच्या अमलात केली होती म्हणे. पोलीस ॲक्शननंतर एकदा लष्कराचं विमान तिथं उतरलं, आणि त्यानंतर आमचंच. मधल्या सगळ्या वर्षांत तिथं फक्त शेळ्या चरल्या.

एवढ्या लहान विमानात सामानाबरोबर माणसंही तोलावी लागतात. कुणी कुठं बसायचं हे वजनावर ठरतं. जड पुढं, हलकी मागं. माझ्या काउंटरशेजारी काटा होता. रोज सकाळी मी आधी स्वतः त्यावर उभा राहून काटा बरोबर आहे का ते पाहायचो. माझं वजन मला पाठ झालं होतं.

"सरकी तोलतो का रं मला?" द्वारकामावशी दर वेळी विचारायच्या.

"सरकीला भाव असतो, मावशी."

"बघ, आता पोरगं तोंड वर करून बोलाया लागलं."

द्वारकामावशी कोंडेगावच्या. त्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा सकाळच्या विमानानं यायच्या, डायलिसिस करून घ्यायच्या आणि संध्याकाळच्या विमानानं परत जायच्या. येताना अंगात पाणी भरलेलं असायचं, पाय सुजलेले. जाताना हलक्या व्हायच्या. काट्यावरून उतरताना मला विचारायच्या, "किती उतरलं?" मी सांगितलं की समाधानानं मान हलवायच्या.

कोंडेगावलाही एक काटा होता, कापसाच्या जिनिंगमधून आणलेला. तो मनकर्णाबाई सांभाळायच्या. सुरुवातीला तिथल्या बायका चारचौघांत काट्यावर उभ्या राहायला तयार होईनात. मग मनकर्णाबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला. माणूस पडद्याच्या एका बाजूला उभा राहतो, मनकर्णाबाई आणि काट्याची तबकडी दुसऱ्या बाजूला. उभं राहणारानं नाव सांगायचं. बाईंनी वजन पाहायचं, मोठ्यानं बोलायचं नाही. "कुणाला बघत नाय, फकस्त काटा बघते," असं त्या फोनवर मला अभिमानानं म्हणाल्या होत्या.

आणि चिकलठाण्याला होते कडूबामामा. आमचे लोडर. विमानाचं दार मागं, शेपटीजवळ. माणसं चढायला लागली की मागचं वजन वाढतं, शेपूट खाली जातं आणि नाक वर उचललं जातं. म्हणून माणसं चढउतार करत असेपर्यंत शेपटीखाली लोखंडी टेकू लावायचा. मामांनी उभी हयात बैलगाडी हाकलेली. मागं जास्त भरलं गेलं की गाडी उलार होते, जू वर चढतं आणि बैलांना गळफास बसतो. मामा विमानालाही तोच शब्द लावायचे.

"चढवा सायब. उलार व्हत नाय. मी हाय खाली."

२

एका शुक्रवारी सकाळी कॅप्टन दमयंती विमानातून उतरल्या त्या थेट माझ्याकडं आल्या. त्यांच्या घरात तीन पिढ्या कारकुनी केलेली. या पहिल्या हवेत गेल्या. त्यांच्या हातात ते विमान कसं वागायचं हे मी कितीदा पाहत उभा राहिलोय. आडवा वारा असला तरी चाक असं टेकवायच्या की आतल्या म्हाताऱ्यांना, आपण उतरलो, हे बाहेरची माणसं दिसल्यावर कळायचं.

"केशव, मागं काय भरलं होतं आज?"

"काही नाही. सात पॅसेंजर, दोन पिशव्या."

"शेपूट जड होतं. सगळा वेळ मला नाक दाबून धरावं लागलं."

मला राग आला. भरण्यात मी कधी चुकत नव्हतो. उन्हाळ्यात गरम हवेत विमानाला जोर कमी मिळतो, म्हणून शेवटची सीट आम्ही रिकामीच ठेवत होतो. उलट मागं वजन कमीच असायला हवं होतं.

"कोंडेगावला काट्यात चूक झाली असेल," मी म्हणालो.

"असेल," त्या म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

मी विमानाकडं गेलो. पॅसेंजर केव्हाच निघून गेले होते. पिशव्या काढलेल्या होत्या. कडूबामामांनी टेकू काढायला हात घातला आणि थांबले.

"निघंना," ते म्हणाले.

विमान टेकूवर बसलेलं होतं. रिकामं विमान टेकूपासून वर राहतं, मधून हात जातो. मामांनी खांदा लावून शेपूट उचललं, मी टेकू ओढला. त्यांनी खांदा काढला तसं शेपूट हळूच खाली आलं आणि तिथंच राहिलं. आपटलं नाही. कुणीतरी सावकाश पाठ टेकावी तसं खाली आलं.

मामांनी नाकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"रिकामं इमान उलार," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मीही हसलो. सकाळचे दहा वाजले होते. पलीकडं मुंबईच्या विमानाची रांग लागली होती, कुणाचं तरी पोर रडत होतं. अशा वेळी माणूस हसतोच.

३

मी भौतिकशास्त्र शिकलोय. त्यामुळं मी आधी कारणं शोधली. पुढच्या चाकाच्या दांड्यात गॅस असतो, त्याचा दाब चुकला तर नाक वर राहतं. काँक्रीटला उतार असेल. इंधन एका बाजूला गेलं असेल. विमान उलट्या तोंडानं उभं करून पाहिलं. शेपूट खालीच.

आमचे मेकॅनिक काकासाहेब दुपारभर विमानाखाली पडून होते. बाहेर आले ते हात पुसत.

"गॅस बरोबर. दांडा बरोबर. शेपटीच्या पोकळीत पाणी साचलंय का तेपण बघितलं. नाही."

"मग दोष कशात आहे?"

"दोष असता तर मी खूश झालो असतो, केशव. दुरुस्त करून घरी गेलो असतो."

मी आत चढलो. मला ते विमान आतून रिकामं असताना फार आवडायचं. सीटांच्या कापडाला उन्हाचा वास, खिडक्यांचे गोल उजेड जमिनीवर, बाहेरचे सगळे आवाज एकदम लांब गेलेले. पत्रा तापला की मधेच टक् आवाज करतो. मी मागं गेलो.

झाडून झाल्यावर कडूबामामा प्रत्येक सीटवर पट्ट्याची दोन टोकं फुलीसारखी मांडून ठेवायचे. तसंच त्यांना शिकवलं होतं आणि त्यात ते कधी चुकत नसत. सगळ्या सीटांवर फुल्या होत्या. शेवटच्या सीटचा पट्टा मात्र लावलेला होता. नुसता अडकवलेला नाही. ओढून आवळलेला, एखाद्या बारीक माणसाच्या कमरेइतका. आणि गादी मधोमध दबलेली.

"मामा, हा पट्टा कुणी लावला?"

ते दारातूनच डोकावले. आत आले नाहीत.

"म्या नाय."

"मग कुणी?"

"मला काय इचारता? चावी तुमच्याकडं."

मी पट्टा उघडला आणि दोन्ही टोकं नीट फुलीत ठेवली. गादीवर हात दाबला. गार होती. बाकीच्या सीटा चटके बसतील इतक्या तापल्या होत्या. मी मनाशी म्हणालो, ही सीट सावलीच्या बाजूला आहे. खाली उतरल्यावर मी मुद्दाम विमानाच्या पलीकडं जाऊन पाहिलं. ती बाजू उन्हात होती.

संध्याकाळी विमान कोंडेगावला जाऊन आलं. पट्टा परत लावलेला होता.

४

मंगळवारी कॅप्टन दमयंतींनी मला बाजूला घेतलं.

"केशव, मी तुझ्यावर संशय घेत नाही. पण शेपूट दर फेरीला जड आहे. मोकळ्या हवेत मी सांभाळते. कोंडेगावची पट्टी आखूड आहे, उठताना नाक आपोआप वर गेलं आणि वेग कमी असला तर कुणाच्याच हातात काही राहत नाही. उद्यापर्यंत कारण सापडलं नाही तर मी लिहून देणार आहे."

"लिहून दिलं तर विमान उभं राहील."

"हो."

"गुरुवारी समिती येतेय, कॅप्टन."

"माहीत आहे मला."

दोघांनाही माहीत होतं. मार्ग चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला गुरुवारी समितीचे साहेब येणार होते. विमानात बसून कोंडेगावला जाऊन येणार होते. एकुलतं एक विमान तेव्हा दोष न सापडता उभं असलं, तर मार्ग संपला. अशा मार्गांना तुम्ही दुसरी संधी देत नाही. तुम्हाला फक्त निमित्त हवं असतं.

त्या दुपारी द्वारकामावशी दवाखान्यातून येऊन माझ्या काउंटरसमोरच्या बाकावर बसल्या होत्या. डायलिसिस झाल्यावर त्या अगदी गळून जायच्या. हातावर सुयांच्या जागी पट्ट्या, डोळे मिटलेले.

"मावशी, विमान नसतं तर?"

"नसतं तर काय? जीपनं." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "पहिले दोन महिने जीपनंच येत व्हते. आठ तास यायचं, आठ तास जायचं. मग सोडून दिलं. म्हणलं, घरीच मरू, निदान पाठ तरी दुखायची नाय. तवाच हे इमान आलं."

"आणि बंद पडलं तर?"

आता त्यांनी डोळे उघडले.

"बंद पडतंय व्हय?"

"नाही. सहज विचारलं."

"सहज असं कुनी इचारत नाय." त्यांनी हातावरची पट्टी दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "आमच्याकडची लई मानसं जीपमधीच गेली, केशवा. पुलाच्या अलीकडं. समोर पानी, मागं चिखल. त्यास्नी काय हे इमान गावलं नाय. मला गावलं. मी बसते तवा मला त्यांचीच जागा घेतल्यावानी वाटतं."

"मावशी, विमान बंद पडणार नाही. मी बघतो."

"तू काय बघनार?" त्या थोड्या हसल्या. "पर बघ बाबा. बघनारं कुनीतरी पायजेच."

५

बुधवारी संध्याकाळपर्यंत कॅप्टन लिहून देणार होत्या. दुपारी विमान काँक्रीटवर एकटंच उभं होतं. ऊन असं होतं की लांबची धावपट्टी पाण्यासारखी हलत होती. कडूबामामा शेपटीखाली टेकूजवळ उकिडवे बसले होते, तेवढीच सावली म्हणून.

"मी आत जाऊन बघतो," मी म्हणालो.

"काय बघता सायब? बघून झालं की समदं."

शिडी चढून आत गेलो. पत्रा टक् टक् करत होता. शेवटच्या सीटचा पट्टा आवळलेला होता. मी समोरच्या सीटच्या हातावर बसलो आणि त्या पट्ट्याकडं पाहत राहिलो.

खरं सांगायचं तर त्या वेळी मला भीती वाटत नव्हती. मला घाई होती. मला नेहमीच घाई असते. मी विचार करत होतो की हा पट्टा रोज मी उघडतो आणि रोज तो परत लागतो. म्हणजे उघडणं पुरेसं नाही. मग मला आमच्या म्हाताऱ्या पॅसेंजरांची आठवण झाली. विमान थांबलं, दार उघडलं, सगळे उतरले, तरी ते बसून राहतात. पट्टा उघडून दिला तरी उठत नाहीत. इथंच उतरायचं का, पुढं कुठं जायचं, कोण न्यायला आलंय, काहीच कळत नसतं. कोंडेगावहून आलेली म्हातारी माणसं तर हटकून बसायची. मग मी आत जायचो आणि एकच वाक्य बोलायचो. त्या वाक्यावर एकही म्हातारं कधी बसून राहिलं नाही.

तेच मी बोललो. मोठ्यानं, काउंटरवरच्या नेहमीच्या आवाजात.

"चला, आलं गाव. उठा. माझ्यासंगं या."

पत्र्याचा टक् टक् आवाज थांबला.

पट्ट्याचं कडं उघडल्याचा आवाज झाला. तो आवाज मी हजार वेळा ऐकलाय, त्यात चूक होणार नाही. पट्ट्याची टोकं दोन्ही बाजूंना पडली. दबलेली गादी हळूहळू वर आली. मग पायाखालची जमीन किंचित कलली, मी बसलो होतो त्या सीटचा हात हलला, आणि आमचं विमान नाकावर सावकाश स्थिर झालं. इतके दिवस अवघडून बसलेल्यानं अंग मोकळं करावं तसं. त्या क्षणी, खोटं कशाला सांगू, मला त्या विमानाचं फार कौतुक वाटलं. कुणाचं ओझं होतं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्यानं ते पाडलं नव्हतं. दर फेरीला नेलं होतं, आणलं होतं.

शिडी कुरकुरली. एक पायरी. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी.

बाहेरून कडूबामामांचा आवाज आला. ते शेपटीखाली होते, तिथून दार दिसत नाही.

"उतरलात व्हय, सायब? टेकू सुटला बघा."

मी आतच होतो.

शिडी तिसऱ्यांदा कुरकुरली. मी दारापर्यंत गेलो. बाहेर नुसतं ऊन. शेवटच्या पायरीवर तांबड्या मुरमाचा एक ठसा होता, ओला असावा तसा गडद. अनवाणी पायाचा. पण बोटं एकमेकांना चिकटलेली, टाच पसरट, मधला खळगा भरून आलेला. असा पाय मी आठवड्यातून दोनदा काट्यावर पाहत होतो. सुजलेला पाय असा दिसतो. मी नीट पाहायला वाकलो, तेवढ्यात पलीकडच्या मोठ्या विमानानं इंजिन सुरू केलं, वाऱ्याचा झोत आला आणि पायरी स्वच्छ झाली.

कडूबामामा टेकू खांद्यावर घेऊन आले. त्यांनी मला दारात पाहिलं. मग शिडीच्या पायथ्याकडं पाहिलं. त्यांनी टेकू दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि लांबून वळसा घालून निघून गेले.

६

त्या संध्याकाळी कॅप्टन परत आल्या त्या हसतच.

"काय केलंस रे? पिसासारखं चाललं."

"दांड्यात गॅस कमी होता," मी म्हणालो. काकासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि ते हात पुसू लागले. कॅप्टननी काही लिहून दिलं नाही.

घरी बिडकीनला जायला मोटारसायकल काढली. स्टँडवरून ती पटकन उतरेना. पैठण रोडला लागलो तर पुढचं चाक हलकं लागत होतं, हँडल हातात ठरत नव्हतं. पुलाचा चढ आला तेव्हा वाटलं, पुढचं चाक उचलणार. मागच्या टायरात हवा कमी असेल, असं म्हणून मी पंक्चरच्या दुकानापाशी थांबलो. दुकानदारानं हवा पाहिली आणि भरपूर आहे म्हणाला. मी मागं वळून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतं. रस्ता होता, कारखान्यांचे दिवे लागत होते.

घरी आईनं भाकरी वाढली. मी जेवलो. झोप छान लागली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण माझं डोकं ठिकाणावर होतं.

७

गुरुवारी सकाळी समितीचे साहेब आले. त्यांच्याबरोबर एक तंत्रज्ञ होता, त्यानं काटा तपासायला लोखंडी वजनं आणली होती. काटा बरोबर निघाला. त्यामुळं त्या सकाळी मला त्यावर उभं राहावं लागलं नाही.

साहेब म्हणाले, "तुम्हीही चला. मार्गाची माहिती सांगायला कुणीतरी हवं."

इतकी वर्षं कोंडेगाव, कोंडेगाव करत होतो आणि मी स्वतः कधी गेलो नव्हतो. सीट पॅसेंजरांसाठी असते. मी घाईघाईनं माझं वजन पाठ होतं ते सांगितलं आणि पायलटच्या मागच्या पहिल्याच सीटवर बसलो. शेजारची सीट रिकामी होती. मी पट्टा लावला. माझाच.

उडालो तेव्हा मला आनंदानं रडू यायचंच बाकी होतं. खाली दौलताबादचा डोंगर एका बाजूला कलंडला, शेतं उलगडत गेली, मग नदी आली, मग तो पूल. तो वरून इतका छोटा दिसत होता की त्याच्यापायी माणसं मरतात यावर विश्वास बसेना. साहेब खिडकीला नाक लावून बसले होते. आठ तासांचा रस्ता आम्ही चहा निवायच्या आत मागं टाकला. सांगा, याहून मोठं काय असतं?

कोंडेगावला पट्टीच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. गुरं हाकलून झाली होती. कॅप्टननी विमान असं टेकवलं की साहेबांनी वळून विचारलं, "उतरलो?"

पंखा थांबल्यावर कॅप्टन माझ्याकडं वळल्या.

"शेपूट मस्त होतं. पण आज नाक जड होतं रे. पुढं कोण होतं?"

"मीच."

"मग भाकरी एक कमी खात जा."

सगळे हसले. मीही हसलो. शेजारच्या सीटकडं माझं लक्ष गेलं नाही. मी जाऊ दिलं नाही.

साहेबांनी तासभर लोकांशी बोलून घेतलं. द्वारकामावशींशीही बोलले. त्या दिवशी त्या येणार नव्हत्या, पण पट्टीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. साहेब परत आले तेव्हा त्यांच्या बुटांना तांबडा मुरूम लागला होता.

"हा मार्ग बंद करावा असं मला काही दिसत नाही," ते मला म्हणाले. "मी तसं कळवतो."

मावशींनी लांबूनच माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि लगेच काढलं, जणू धूळ गेली होती.

परतीला सगळ्यांना काट्यावर उभं राहावं लागतं, साहेब असो की आणखी कुणी. पत्र्याच्या खोलीत लुगड्याचा पडदा लावलेला होता, विटलेला, हिरवा. पडद्याच्या पलीकडून मनकर्णाबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. साहेब उभे राहिले, त्यांनी नाव सांगितलं. "व्हा पुढं," असा आवाज आला. मग तंत्रज्ञ. "व्हा पुढं." खोली रिकामी झाली. सगळे बाहेर विमानाकडं निघाले होते. मी एकटाच उरलो होतो.

मी काट्यावर चढलो. लोखंडी फळी खाली गेली, थांबली, आणि मग पुन्हा थोडी खाली गेली. मी पायांकडं पाहिलं. माझे दोन बूट होते. बाकी फळी मोकळी होती.

"केशव," मी नाव सांगितलं.

पलीकडं बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"एकेकानं चढा, सायब," मनकर्णाबाई म्हणाल्या. "दोघं दोघं उभे राह्यल्यावर कुनाचं किती, हे मला कसं कळनार?"